मोठा टॅब आणि पेन : घेण्याआधी स्वतःचं काम मोजा

मोठा टॅब घेऊ का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, काल दिवसभरात तुमच्या हातात पेन किती वेळ होतं? बहुतेकांना सांगता येत नाही. प्रोसेसर कोणता, स्क्रीन किती इंच, हे मात्र तोंडपाठ असतं. पण अर्धा निर्णय या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच होऊन जातो.

मी पुस्तकांची मांडणी करतो, प्रुफं तपासतो, अधूनमधून रेखाटनंही करतो. मोठ्या टॅबने माझं जवळपास निम्मं काम सोपं केलं. उरलेलं निम्मं संगणकावरच राहिलं, आणि पुढेही तिथेच राहील असं दिसतंय. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले काही महिने मी लॅपटॉप कपाटात ठेवून स्वतःचे हाल करून घेतले नसते.

या लेखात 'मोठा' म्हणजे साधारण १३ इंच आणि त्यापुढचा टॅब. 'पेन' म्हणजे दाब ओळखणारं पेन. कुठल्याही फोनवर चालणारं रबरी टोकाचं स्टायलस यात धरलेलं नाही, कारण स्क्रीनच्या लेखी ते एक बोटच असतं.

पायरी १ : आठवडाभराची नोंद

एक वही घ्या आणि कामाचा एक नेहमीचा आठवडा लिहून काढा. तीन रकाने पुरेत. पहिल्यात हाताने केलेलं काम: खुणा, शेरे, आकृत्या, रेखाटनं, टिपणं. दुसऱ्यात टाइप केलेलं. तिसऱ्या रकान्याला मी 'ये-जा' म्हणतो: फाइल शोधणं, तिचं नाव बदलणं, एका फाइलमधला आकडा दुसरीत नेणं, जोडून पाठवणं, आलेली उघडून जुनीशी ताडून पाहणं. प्रत्येक कामापुढे फक्त मिनिटं टाका, बाकी काही नको.

या तिसऱ्या रकान्याकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं, आणि टॅब नेमका तिथेच अडखळतो. चित्र काढायला मजा येते. पण तेच चित्र तीन आकारांत काढून, ठरलेल्या नावाने, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची वेळ आली की संगणकावर दोन मिनिटांत होणारं काम रेंगाळतं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: पहिला रकाना रोज तासाभराच्या आत असेल तर मोठा टॅब नको. लहान टॅब चालेल, किंवा कागद उत्तम. रोज दोन तासांच्या वर जात असेल तर पुढच्या पायऱ्या मन लावून वाचा. मधे कुठेतरी असाल तर ये-जाचा रकाना बघा. तो जड असेल तर संगणकाला जोडायचा पेन-डिस्प्ले तुमच्या जास्त कामाचा. त्याला स्वतःचं डोकं नसतं, तो नुसती स्क्रीन असतो. त्यामुळे सॉफ्टवेअर, फाइली, फोल्डर सगळं तुमच्या ओळखीच्या संगणकावरच राहतं. तोटा एकच, केबलने बांधलेला असतो, बाहेर नेता येत नाही.

कोणाला मोठा टॅब खरोखर लागू पडतो? चित्रकार, ॲनिमेशनसाठी दृश्यांची कच्ची रेखाटनं करणारे, प्रुफं आणि उत्तरपत्रिका तपासणारे, नकाशावर खुणा करणारे वास्तुरचनाकार, पडद्यावर गणित सोडवून दाखवणारे शिक्षक. आणखी एक गट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे स्वरलिपी समोर ठेवून वाजवणारे वादक. त्यांना पूर्ण पान एका नजरेत लागतं, आणि ब्लूटूथच्या पायपट्टीने पान उलटता येतं. याउलट आकडेमोड, प्रोग्रामिंग, लांबलचक लेखन हेच मुख्य काम असेल तर मोठ्या टॅबचं ओझं आणि लॅपटॉपची आठवण या दोन्ही गोष्टी सोबत वागवाव्या लागतील.

पायरी २ : इंच विसरा, कागद कापा

जाहिरातीतला इंचांचा आकडा हा कर्ण असतो. तुम्ही काम करता ते लांबी-रुंदीवर. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. १२.९ इंचांचा, ४:३ प्रमाणाचा टॅब घेतला तर त्याची स्क्रीन भरते साधारण १९७ बाय २६२ मिलिमीटर. म्हणजे समास थोडा कापलेलं ए-४ पान. छापील पानाच्या अक्षराचा आकार जवळपास आहे तसा राहतो आणि झूम न करता प्रूफ वाचता येतं.

आता सॅमसंगच्या अल्ट्रा मालिकेतला १४.६ इंचांचा टॅब घ्या. त्याचं प्रमाण १६:१०. हिशेब केलात तर रुंदी निघते ३१४ मिलिमीटर आणि उंची १९७! म्हणजे १२.९ इंचीपेक्षा पावणेदोन इंच जास्त, पण आखूड बाजू तंतोतंत तेवढीच. सगळी वाढ लांबीत गेली. उभं पान वाचणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही. आडवा धरून दोन खिडक्या शेजारी उघडणाऱ्याला मात्र मिळतं: निम्मी स्क्रीन १५७ मिलिमीटरची होते, जी ए-५ पानाच्या १४८ मिलिमीटर रुंदीपेक्षा थोडी जास्तच आहे. ४:३ वाल्यावर तीच निम्मी बाजू १३१ मिलिमीटरची उरते. मूळ मजकूर आणि प्रूफ शेजारी ठेवून ताडणाऱ्याला हा फरक दिवसभर जाणवतो.

म्हणून घरीच पुठ्ठ्याचे तुकडे कापा: १९७ × २६२, १९७ × ३१४, आणि तुलनेसाठी ११ इंची, १६:१० टॅबचा १४८ × २३७. ते टेबलावर ठेवून त्यांच्यावर हात फिरवा. चित्र काढताना तुमचा हात कोपरातून चालतो की मनगटातून? मनगटातून चालणाऱ्याला ११ इंच पुष्कळ होतात, हे कळलं तर बराच खर्च वाचतो. माझा एक सहकारी हा प्रयोग करून लहान टॅबवर आला आणि आजही समाधानी आहे.

पायरी ३ : सॉफ्टवेअरची यादी आधी, टॅब नंतर

कामासाठी जे जे उघडता त्याची यादी करा, आणि प्रत्येकापुढे फक्त 'टॅबवर मिळतं' असं न लिहिता 'मला लागणारी सोय टॅबवर आहे' की नाही ते लिहा. नाव एक आणि आतला माल वेगळा, असं फार वेळा होतं. आयपॅडसाठी फोटोशॉप २०१९ मध्ये आलं, इलस्ट्रेटर २०२० मध्ये. दोन्ही संगणकावरच्या भावंडांपेक्षा आटोपशीर आहेत. एक्सेल टॅबवर उघडतं, पण त्यातले मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करून देणाऱ्या लिहून ठेवलेल्या सूचना, आयपॅडवर चालत नाहीत. तुमचा सगळा कारभार मॅक्रोवर उभा असेल तर यादी इथेच थांबली.

मोठ्या स्क्रीनची एक गंमतही सांगून ठेवतो. मायक्रोसॉफ्टने वर्ड, एक्सेलसारख्या आपल्या मोबाइल ॲपमधल्या फुकट संपादनासाठी १०.१ इंचांची रेषा आखली. त्याहून मोठ्या टॅबवर फाइल वाचता येते, पण बदलायची तर वर्गणी भरावी लागते. म्हणजे लहान टॅबवर जे फुकट चालत होतं ते मोठ्यावर बंद झालं, तर यंत्र बिघडलंय असं समजू नका.

'मला पूर्ण विंडोज हवं' म्हणणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रोसारखे टॅब आहेत. पहिला सरफेस प्रो २०१३ चा. संगणकावरचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं आणि त्यावर पेन, ही सोय मोठीच. पण २०२४ च्या सरफेस प्रोमध्ये एआरएम पद्धतीचा, म्हणजे फोनमध्ये असतो त्या जातीचा प्रोसेसर आहे. त्यावर जुनी बरीच सॉफ्टवेअर रूपांतरित होऊन चालतात, मात्र जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर (ते यंत्र संगणकाला जोडून देणारी छोटी सॉफ्टवेअर) त्या प्रोसेसरसाठी वेगळे बनवलेले असावे लागतात. ऑफिसात एखादं जुनं यंत्र जोडायचं असेल तर त्याचं नावही यादीत टाका.

चित्रकारांनी आणखी एक हिशेब करावा. ३०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचं ए-४ पान म्हणजे २४८० × ३५०८, सुमारे ८७ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, ३५ एमबीचा. ए-३ घेतलंत की ७० एमबीचा. प्रोक्रिएटसारखी चित्रकलेची ॲप यामुळेच मोठ्या कागदावर लेयरची संख्या मर्यादित ठेवतात. तेव्हा स्टोरेजइतकंच रॅमकडेही बघा. काही टॅबमध्ये दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात: २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये २५६ आणि ५१२ जीबीला ८ जीबी रॅम आहे, १ टीबीपासून पुढे १६ जीबी. जास्त लेयर हवेत म्हणून नको असलेलं स्टोरेजही पदरात घ्यावं लागतं.

पायरी ४ : पेनाची जात ओळखा

नवखे लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. पेन सारखं दिसलं म्हणून सारखं नसतं.

सॅमसंगचं एस पेन वाकॉम या पेन-टॅब्लेट बनवणाऱ्या कंपनीच्या तंत्रावर चालतं. स्क्रीनखालच्या जाळीतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच ते रेषा उमटवतं, त्यामुळे लिहिण्यासाठी त्याला बॅटरी लागत नाही. अल्ट्रा टॅबच्या खोक्यात ते सोबतच येतं. ॲपल पेन्सिल मात्र चार्ज करावी लागते आणि वेगळी विकत घ्यावी लागते, आणि तिचे प्रकार एकमेकांच्या टॅबवर चालतीलच असं नाही. २०२४ च्या १३ इंची आयपॅड प्रोवर दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही. पेन्सिल प्रो चालते आणि यूएसबी-सी वाली चालते. उलट पेन्सिल प्रो जुन्या १२.९ इंची टॅबवर चालत नाही. जुना टॅब कुणाकडून घेत असाल तर पेन हातात घेऊन, जोडून, रेषा काढून मगच व्यवहार करा.

यूएसबी-सी वाल्या ॲपल पेन्सिलबद्दल ठळक अक्षरात लिहावंसं वाटतं: तिला दाब कळत नाही. २०२३ मध्ये आलेली ही पेन्सिल शेरे मारायला, टिपणं घ्यायला छान आहे. पण जोर दिला की रेषा जाड, हलकं धरलं की बारीक, हे तिच्याकडून होणार नाही. सुलेखन किंवा चित्रकला करणाऱ्याने ती स्वस्त म्हणून घेतली की पहिल्याच दिवशी रडकुंडीला येतो.

'४०९६ पातळ्यांचा दाब' या आकड्यावर फार जाऊ नका. माझ्या हाताला तरी ४०९६ आणि ८१९२ मधला फरक कधी कळला नाही. कळतो तो सगळ्यात हलका स्पर्श: पेन नुसतं टेकवलं तर रेषा उमटते का, की आधी थोडं दाबावं लागतं? दाबावं लागत असेल तर दोन तासांनी अंगठा बोलायला लागतो.

पायरी ५ : दुकानातली पंधरा मिनिटं

उभ्याने नको, खुर्ची मागा. टॅब टेबलावर आडवा ठेवा, तळहात स्क्रीनवर निवांत टेकवा आणि एवढं करा.

प्लास्टिकची पट्टी ठेवून अगदी सावकाश तिरक्या रेषा ओढा. पट्टी लावूनही रेषा नागमोडी येत असेल तर पेनाची जागा ओळखण्यात खोट आहे. भराभर काढलेल्या रेषेत हा दोष लपतो, म्हणून सावकाशच. मग पेन चारही कोपऱ्यांत टेकवा आणि टोक व ठिपका यांच्यात अंतर पडतं का ते पाहा. काच आणि स्क्रीन यांच्यात फट असेल तर अंतर पडतंच. नंतर गोल गोल अक्षरं वेगाने काढा आणि शाई टोकाच्या किती मागून धावते ते बघा. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होत असेल तर प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद लागतात, १२० वेळा होत असेल तर ८.३. १३ इंची आयपॅड एअर ६० चा आहे, प्रो १२० चा. खुणा करणाऱ्याला हा फरक पुसटसा वाटेल. भरभर रेखाटणाऱ्याला लगेच कळेल.

डावखुऱ्यांनी तळहाताची चाचणी जास्त वेळ घ्यावी, कारण हात नुकत्याच लिहिलेल्यावरून सरकत जातो. आणि हस्ताक्षराचा टाइप मजकूर करून हवा असेल तर स्वतःच्या अक्षरात, देवनागरीत, जोडाक्षरांसकट दोन ओळी लिहून पाहा. 'उज्ज्वल' आणि 'वाङ्मय' हे शब्द हमखास घ्या. विक्रेता इंग्रजीत 'हॅलो' लिहून दाखवतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

पायरी ६ : वजन आणि बैठक

टॅबचं वजन सांगताना नुसत्या टॅबचं सांगतात. २०२४ चा १३ इंची आयपॅड प्रो ५७९ ग्रॅम, एअर ६१७, गॅलॅक्सी टॅब एस१० अल्ट्रा ७१८, सरफेस प्रो ८९५. त्यावर कव्हर, कीबोर्ड, चार्जर, केबल धरा. कीबोर्ड जोडलेला मोठा टॅब हलक्या लॅपटॉपइतका भरतो, आणि मग नाकापेक्षा मोती जड. दोन जाडजूड पुस्तकं पिशवीत घालून आठवडाभर फिरा, अंदाज येईल.

एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिहायचं असेल, जसं जागेवर उभं राहून पाहणी करणाऱ्यांना करावं लागतं, तर १३ इंच जास्तच आहेत. तिथे ११ इंची बरा. टेबलावर बसून काम असेल तर १५ ते २० अंशांचा उतार देणारा भक्कम स्टँड घ्या. कीबोर्ड कव्हरचा उभा कोन लिहायला निरुपयोगी आहे, पेन टेकवलं की टॅब डुगडुगतो. सपाट ठेवलात तर मान खाली जाते. सुरुवातीला मी टॅब असाच सपाट ठेवायचो. खांदा महिन्याभरात तक्रार करायला लागला.

कागदासारखी खरखरीत मॅट फिल्म लावावी का? हाताला छान वाटतं, प्रकाशाचं प्रतिबिंबही कमी होतं. बदल्यात स्क्रीन किंचित धूसर दिसते आणि पेनाची निब भराभर झिजते. चित्रकाराने लावावी. रंग जुळवणाऱ्याने लावू नये.

पायरी ७ : एक खरं काम, अथपासून इतिपर्यंत

टॅब घेतलात, परत करायची मुदत चालू आहे. या दिवसांत चित्रं काढून मित्रांना दाखवत बसू नका. एक खरं काम घ्या, लहानसंच, पण पूर्ण: फाइल येण्यापासून ती समोरच्याला पोचून त्याचं उत्तर येईपर्यंत. नियम एकच. संगणकाकडे जायला उठलात की वहीत एक रेघ मारा आणि शेजारी कारण लिहा. दोन-तीन रेघा म्हणजे टॅब कामाला आला. वीस रेघा, त्याही एकाच कारणाच्या, म्हणजे त्या कारणाला उपाय आहे का ते शोधा. नसेल तर टॅब परत करा, लाजू नका.

काम पाठवताना तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला शेऱ्यांचा. पीडीएफवर पेनाने केलेल्या खुणा मूळ पानाच्या वर वेगळ्या ठेवलेल्या असतात. काही ॲपमध्ये त्या समोरच्याला दिसत नाहीत, किंवा छापताना गळतात. शेवटची प्रत पाठवताना खुणा पानातच मिसळून टाका. बहुतेक ॲपमध्ये 'फ्लॅटन' नावाने ही सोय असते. माझ्या दीडशे पानांच्या दुरुस्त्या एकदा समोरच्याला कोऱ्या करकरीत दिसल्या होत्या, आणि 'काही चुका नव्हत्याच का?' असा आनंदी फोन आला होता.

दुसरा घोळ गंभीर आहे. एखादं नाव किंवा खाते क्रमांक लपवायचा म्हणून पेनाने त्यावर काळी पट्टी ओढली, तर खालचा मजकूर जागेवरच राहतो. समोरचा माणूस पट्टी बाजूला करू शकतो किंवा ती ओळ निवडून दुसरीकडे चिकटवू शकतो. वकील, लेखापाल, डॉक्टर यांनी हे विसरू नये. मजकूर खरोखर काढून टाकणारी 'रिडॅक्शन'ची सोय वापरा, आणि नंतर त्या फाइलमध्ये तेच नाव शोधून पाहा. सापडलं तर पट्टी नुसती वरवरची आहे.

तिसरा सहीचा. स्क्रीनवर पेनाने केलेली सही हे सहीचं चित्र असतं. प्रमाणपत्रावर आधारलेली डिजिटल सही ही निराळी गोष्ट आहे. सहीनंतर फाइलमध्ये फेरफार झाला तर ती ते उघड करते. समोरच्याला यातली कोणती चालेल ते आधी विचारून घ्या.

हे सगळं निभावलं आणि टॅब ठेवायचं ठरलं, तर दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. टिपणं ज्या ॲपमध्ये आहेत त्याच्या स्वतःच्या साच्यात अडकू देऊ नका. दर आठवड्याला पीडीएफ करून दुसऱ्या जागी ठेवा. आणि बॅटरीवालं पेन महिनोन्महिने खणात पडू देऊ नका. त्यातली इवलीशी लिथियम बॅटरी पूर्ण रिकामी होऊन बराच काळ राहिली की पुन्हा चार्ज घेईनाशी होते. जास्तीची एक निब पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा. झिजलेल्या निबचं टोक आधी चपटं होतं, मग काचेवर टकटक आवाज करायला लागतं. तो आवाज आला की त्याच दिवशी बदला.